सामाईक वही अडते कुठे?

दिघीच्या मॅगझिन चौकातून आळंदी रस्ता धरला की आळंदी आणि तिथून पुढे चाकण. दुसऱ्या अंगाला भोसरीची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर. या पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपवाल्याला विचारा, त्याचं रोजचं दुखणं मशीनचं कमी आणि पैशाचं जास्त निघेल. माल डिलिव्हरी चलानवर चाकणला पोहोचतो, तिथे जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, निघते, बिल पास होतं आणि मग पेमेंटची वाट पाहणं सुरू होतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं फार तर ४५ दिवसांत चुकतं करायला सांगितलं आहे. पण कामगारांचा पगार, स्टीलवाल्याचं देणं आणि विजेचं बिल ४५ दिवस थांबत नाहीत. म्हणून पास झालेलं बिल फायनान्सरकडे ठेवून पैसे आधी उचलायचे. याला बाजारात बिल डिस्काउंटिंग म्हणतात.

रिझर्व्ह बँकेने या कामासाठी डिसेंबर २०१४ मध्ये 'ट्रेड्स' या व्यवस्थेचे नियम ठरवले. २०१७ मध्ये आरएक्सआयएल, इन्व्हॉइसमार्ट आणि एमवनएक्सचेंज हे तीन मंच कामाला लागले. पुरवठादार बिल मंचावर चढवतो, खरेदीदार कंपनी ते मान्य करते आणि बँका त्यावर बोली लावतात. आता २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी सक्तीची आहे.

सुरुवातीला मंच तीन, म्हणजे धोकाही तिथेच. एकच बिल दोन मंचांवर चढवून दोनदा पैसे उचलले तर पकडणार कोण? तिन्ही मंच एकमेकांचे स्पर्धक. आपल्याकडे कोणाचं बिल आलं आणि ते किती रकमेचं होतं, हे ते दुसऱ्याला दाखवणार नाहीत. आणि तिघांचा हिशेब एकाच कंपनीच्या कपाटात ठेवायलाही कोणी राजी होणार नाही. २०१८ मध्ये या तिघांनी मोनेटागो या कंपनीने उभारलेल्या एका सामाईक जाळ्यावर यातून वाट काढली. त्यामागचं सॉफ्टवेअर होतं हायपरलेजर फॅब्रिक. बिलातल्या ठरावीक मजकुरावरून एक डिजिटल ठसा काढायचा आणि तेवढाच सामाईक वहीत ठेवायचा. ठशावरून बिल वाचता येत नाही, पण तेच बिल दुसरीकडे आलं की ठसा जुळतो आणि चोरी उघडी पडते.

अशा जाळ्याला 'डिस्ट्रिब्युटेड लेजर' म्हणतात: वही एक, प्रती अनेक, आणि प्रत्येक प्रत वेगळ्या मालकाच्या संगणकावर. तिचे फायदे सांगणारं लिखाण भरपूर आहे. या प्रकरणात आपण ती अडते तेव्हा काय होतं ते पाहू, कारण तिचा खरा स्वभाव तेव्हाच कळतो. माझं म्हणणं एवढंच आहे: नोंदींवरचं एकमत यंत्र घडवून आणतं, पण त्याआधी कोण कोण आहे, कुठे आहे, किती वाजले आणि कोणता नियम चालू आहे, यावरचं एकमत माणसांना करावं लागतं. जाळं अडतं ते बहुतेक वेळा या दुसऱ्या थरात.

चार भागीदार

समजायला सोपं जावं म्हणून एक लहान जाळं कल्पू. दिघीतला वर्कशॉपवाला शाफ्ट टर्न करतो, भोसरीतला हीट ट्रीटमेंटवाला ते कडक करतो, चाकणची कंपनी ते गिअरबॉक्समध्ये बसवते आणि एक बँक बिलावर पैसे देते. प्रत्येक लॉटबरोबर स्टीलचा हीट नंबर, हार्डनेसचा रिपोर्ट, चलान आणि बिल असं सगळं चालत येतं. उद्या एखादा शाफ्ट गाडीत तुटला तर त्याच्या स्टीलपर्यंत मागे जाता यावं, म्हणून चौघांनी फॅब्रिकवर एक सामाईक वही सुरू केली.

चौघांकडे वहीची एकेक प्रत सांभाळणारा संगणक आहे. त्याला 'पीअर' म्हणतात. प्रत्येक भागीदाराचं ओळखपत्रं देणारं स्वतःचं केंद्र आहे, सर्टिफिकेट ऑथॉरिटी. याशिवाय नोंदींचा क्रम लावणारे पाच 'ऑर्डरर' आहेत. त्यांच्यात 'राफ्ट' ही पद्धत चालते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी ती २०१४ मध्ये मांडली. पाचांपैकी तीन चालू असले की बहुमत होतं, म्हणजे दोन बंद पडले तरी काम थांबत नाही. तिसरा पडला की वहीत नवी ओळ चढत नाही.

नोंद चढते ती तीन टप्प्यांत. आधी प्रस्ताव ठरलेल्या भागीदारांच्या पीअरकडे जातो. ते हिशेब करून पाहतात आणि निकालावर सही देतात. मग सह्यांसकट प्रस्ताव ऑर्डररकडे जातो आणि क्रम लागून ब्लॉकमध्ये, म्हणजे नोंदींच्या गठ्ठ्यात, बसतो. शेवटी तो ब्लॉक सगळ्या पीअरकडे येतो आणि प्रत्येक पीअर सह्या पुन्हा तपासून नोंद वैध की अवैध ते ठरवतो. अवैध ठरलेली नोंदही ब्लॉकमध्ये राहते, फक्त तिच्यावर तसा शिक्का बसतो. बिघाड शोधणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

आधी उंची पाहा

सोमवारी सकाळी चाकणच्या स्क्रीनवर लॉट दिसतो आणि दिघीच्या स्क्रीनवर दिसत नाही. फोन सुरू होतात. कोणी सर्व्हर बंद करून चालू करतो, कोणी सॉफ्टवेअर नव्याने टाकायला निघतो. असं केलं की जे पुरावे हाताशी होते ते पुसले जातात. त्याआधी चारही पीअरना एकच प्रश्न विचारावा: तुझ्याकडे किती ब्लॉक आहेत, म्हणजे तुझ्या वहीची उंची किती, आणि शेवटच्या ब्लॉकचा ठसा काय? फॅब्रिकमध्ये त्यासाठी एका ओळीची आज्ञा आहे आणि उत्तर लगेच मिळतं.

उत्तरं तीन प्रकारची येतात. चौघांचे आकडे आणि ठसे तंतोतंत जुळले, आणि नोंद वैधही आहे, तर वही ठीक आहे. दोष दिघीच्या स्क्रीनमागच्या प्रोग्रॅममध्ये शोधायचा. तिघे ५२१० वर आणि दिघी ५१८७ वर असेल, तर दिघीपर्यंत ब्लॉक पोहोचत नाहीत. म्हणजे पत्ता, ओळख किंवा घड्याळ यांपैकी काहीतरी बिनसलं आहे. आकडे जुळतात पण त्या नोंदीवर अवैधचा शिक्का आहे, तर भानगड नियमांची आहे. पहिल्या पाच मिनिटांत एवढी वाटणी झाली की पुढचं अर्धं काम झालं म्हणून समजा.

चौथी शक्यताही आहे: आकडा सारखा आणि ठसा वेगळा. ती फार क्वचित दिसते. दिसली तर मात्र काम तिथेच थांबवून सगळ्या भागीदारांना बोलवावं, कारण मग प्रश्न सेटिंगचा राहत नाही.

पत्ता

वर्कशॉपमध्ये इंटरनेटची लाइन बदलली, राउटर नवा आला, सर्व्हरचा पत्ता बदलला. दिघीत कोणाला काही जाणवलं नाही, कारण आतल्या आत सगळं चालू होतं. बाकीचे तिघे मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत होते.

अशा वेळी लॉगमधला, म्हणजे यंत्राने आपल्या कामाच्या ठेवलेल्या टिपणातला, शब्द नीट वाचावा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं आलं तर निरोप बहुधा त्या यंत्रापर्यंत गेला आहे, पण त्या दारावर कोणी उभं नाही. पीअरचं नेहमीचं पोर्ट ७०५१ आणि ऑर्डररचं ७०५०. तिथे ऐकणारा प्रोग्रॅम बंद आहे किंवा दुसऱ्याच पोर्टवर बसला आहे. वाट पाहून वेळ संपल्याचा संदेश आला, तर निरोप वाटेतच गडप झाला असावा. तिथे संशय फायरवॉलवर घ्यावा. 'असा होस्टच नाही' असं उत्तर आलं, तर नावावरून पत्ता शोधण्यातच गफलत आहे. तीन वेगळे शब्द, तीन वेगळी कारणं. 'नेट गेलंय' एवढ्यावर भागवलं तर तिन्ही एकाच पोत्यात जातात आणि दिवस वाया जातो.

फॅब्रिकमध्ये आणखी एक सेटिंग नेहमी विसरलं जातं. प्रत्येक पीअरने आपला बाहेरचा पत्ता वेगळा जाहीर करावा लागतो. तो रिकामा राहिला तर पीअर आपल्या संस्थेत ओळखीचा असतो आणि परसंस्थांना तो आहे हेच कळत नाही. चाचणीच्या वेळी चारही पीअर एकाच लॅपटॉपवर असतात, तेव्हा 'लोकलहोस्ट' लिहून सगळं सुरळीत चालतं. तीच फाइल उचलून चार ठिकाणी ठेवली की प्रत्येक यंत्र 'लोकलहोस्ट' म्हणजे मी स्वतः असं समजतं आणि स्वतःलाच फोन लावत बसतं.

ओळख

या जाळ्यात शिरायला पासवर्ड पुरत नाही, डिजिटल सर्टिफिकेट लागतं. ते कोणी दिलं, कोणाला दिलं आणि कधीपर्यंत चालेल, हे तिन्ही जुळावं लागतं. देणाऱ्या केंद्राचं मूळ सर्टिफिकेट वहीच्या सेटिंगमध्ये नसेल तर 'अनोळखी अधिकाऱ्याची सही' म्हणून दार बंद.

सर्वांत जास्त जाळी मुदतीपायी अडतात. फॅब्रिकचं सर्टिफिकेट केंद्र काही न बदलता वापरलं, तर ओळखपत्र ८७६० तासांचं देतं. २४ ने भागलं की ३६५ दिवस. म्हणजे मोठ्या थाटात उद्घाटन झालेलं जाळं बरोबर वर्षाने, कोणी काही बदललेलं नसताना, बंद पडतं. ज्याने ते उभं केलं तो इंजिनिअर तोवर दुसरीकडे गेलेला असतो. लॉगमध्ये सर्टिफिकेटची मुदत संपल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण तो लॉग वाचायला कोणी बसलेलं नसतं.

ऑर्डररची गोष्ट आणखी नाजूक. पाचही ऑर्डररची सुरक्षा-सर्टिफिकेटं वहीच्या सेटिंगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या ब्लॉकमध्येच कोरलेली असतात. एखाद्याने आपल्या यंत्रावर नवं सर्टिफिकेट टाकलं आणि वहीतली नोंद बदलायची राहिली, तर बाकीचे चौघे त्याला ओळखत नाहीत. पाचांनी एकाच रात्री असं केलं तर बहुमतच उरत नाही. आणि वहीतलं सेटिंग बदलायचं तर त्यासाठी बहुमत लागतं! म्हणून नियम असा: एका वेळी एकच ऑर्डरर, आणि तो पुन्हा पंगतीत बसल्याची खात्री झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी हे काम काढायचं.

घड्याळ

शेडमधला जुना संगणक वीज गेली की बंद होतो. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर तो पुन्हा चालू होताना घड्याळ मागच्या कुठल्या तरी तारखेला गेलेलं असतं. एरवी त्याने फारसं बिघडत नाही. सामाईक वहीत मात्र बिघडतं. तारीख मागे गेली की कालच दिलेलं सर्टिफिकेट 'अजून लागू झालेलं नाही' असं ठरतं. शिवाय ब्लॉक मागवणाऱ्या निरोपावर वेळेचा शिक्का असतो. त्याची वेळ आणि समोरच्या यंत्राची वेळ यांत मुळातल्या सेटिंगनुसार १५ मिनिटांहून जास्त फरक असेल, तर तो निरोप नाकारला जातो.

यावरचा उपाय फुकट आहे. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून वेळ घ्यायची. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात संगणकांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवायला सांगितलं आहे. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, हेही त्याच आदेशात आहे. ही सक्ती अनेकांना जाचक वाटली. चार वेगळ्या मालकांच्या चार यंत्रांवरचे लॉग शेजारी ठेवून 'आधी काय घडलं आणि मग काय' असं लावायला बसलं की तिचं मोल कळतं. घड्याळं जुळत नसतील तर घटनांचा क्रमच लागत नाही.

नियम

नोंद वैध ठरायला कोणाकोणाच्या सह्या लागतात, हे वहीच्या नियमात असतं. आपल्या जाळ्यात हार्डनेसच्या रिपोर्टवर भोसरी आणि चाकण दोघांच्या सह्या हव्यात असं ठरलं. दिघीच्या प्रोग्रॅमने फक्त भोसरीची सही घेऊन प्रस्ताव पाठवला. ऑर्डरर सह्या मोजत नाही, तो क्रम लावून मोकळा होतो. ब्लॉक पोहोचल्यावर चारही पीअर तपासतात आणि नोंदीवर अवैधचा शिक्का मारतात. दिघीला वाटतं, पाठवलं म्हणजे झालं. चाकणला वाटतं, आलंच नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

नियमांचा प्रोग्रॅम, म्हणजे 'चेनकोड', बदलताना आणखी एक पेच पडतो. फॅब्रिकच्या २.० आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२० पासून, प्रत्येक भागीदाराला नवा नियम स्वतः मंजूर करावा लागतो, आणि मुळातल्या सेटिंगनुसार बहुमताची मंजुरी मिळाल्यावरच तो लागू होतो. मंजुरी देताना आवृत्ती, क्रमांक आणि सह्यांची अट हे सगळं अक्षरशः तेच असावं लागतं. भोसरीने मंजुरी देताना अटीत 'आणि' ऐवजी 'किंवा' लिहिलं, तर यंत्राच्या हिशेबी त्याने दुसऱ्याच नियमाला मंजुरी दिली. सुदैवाने तयारी तपासायची एक आज्ञा आहे. ती चालवली की प्रत्येक भागीदारापुढे 'होय' किंवा 'नाही' येतं. ज्याच्यापुढे 'नाही' येईल त्याच्याशी बोलायचं, एवढं सोपं.

तिसरा दोष लिहिणाऱ्याचा. चेनकोडमध्ये कुणी 'आत्ता किती वाजले' हे त्या त्या यंत्राला विचारलं, तर भोसरीचा पीअर ११ वाजून ४ मिनिटं ७ सेकंद लिहितो आणि चाकणचा ८ सेकंद. दोघांचे निकाल वेगळे, म्हणून सह्या वेगवेगळ्या मजकुरावर होतात आणि प्रस्ताव 'उत्तरं जुळत नाहीत' असं म्हणून परत येतो. त्यातही तो कधी जुळतो, कधी नाही, म्हणून शोधणारा चक्रावतो. उपाय असा की वेळ प्रस्तावातून घ्यायची, म्हणजे सगळे तोच आकडा वापरतील. यादृच्छिक आकडा आणि बाहेरच्या संकेतस्थळावरून आणलेला भाव यांनाही हाच नियम लागू.

मजकुराचा साचा

पुन्हा त्या बिलाच्या ठशाकडे येऊ. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा ६४ अक्षर-अंकांचा असतो. मजकुरात एक टिंब बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. पुरवठादाराने एका ठिकाणी बिल नंबर 'आयएनव्ही/०२४' लिहिला आणि दुसरीकडे 'आयएनव्ही-२४', तर माणसाला ते एकच बिल दिसतं, यंत्राला दोन. म्हणजे चोरी पकडणारी व्यवस्था चोरीकडे डोळेझाक करते आणि कुठेही लाल दिवा लागत नाही. बिल नंबरातल्या रेघा आणि आधीची शून्यं काढायची का, तारीख कशी लिहायची, रकमेत पैसे धरायचे का, हे सगळ्यांनी आधी एकत्र बसून ठरवावं लागतं. हा सगळा कंटाळवाणा तपशील आहे आणि जाळ्याचा जीव त्यातच आहे.

साचा जुळला नाही की काय होतं, ते सगळ्या देशाने एकदा पाहिलं आहे. नको असलेल्या व्यापारी एसएमएसना आळा घालायला दूरसंचार नियामक ट्रायने १९ जुलै २०१८ रोजी नवे नियम काढले. त्यानुसार मोबाइल कंपन्यांनी मिळून सामाईक वहीवर नोंदणी सुरू केली. देशातला कोणताही व्यवसाय, मग ती बँक असो की भोसरीतला क्लासवाला, त्या वहीत आपली नोंद करणार, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे 'हेडर' नोंदवणार आणि संदेशाचा मजकूरही नोंदवणार. बदलणाऱ्या भागासाठी, जसं ओटीपीचा आकडा किंवा रक्कम, मजकुरात मोकळी जागा सोडायची. निघालेला प्रत्येक एसएमएस या नोंदींशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर अडवायचा, अशी ही रचना. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर राबवायला सांगितलं आणि सोमवारी, ८ मार्च २०२१ रोजी कंपन्यांनी चाळणी चालू केली.

त्या दिवशी देशभर ओटीपी अडकले. बँकांचे व्यवहार, ऑनलाइन खरेदी, आधारची पडताळणी, लसीकरणाची नोंदणी असं सगळं खोळंबलं. साठ वर्षांवरच्यांच्या लसीकरणाला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. कारण साधं होतं. असंख्य व्यवसायांनी मजकूर नोंदवलेच नव्हते, आणि ज्यांनी नोंदवले त्यांच्यातही अनेकांचा पाठवला जाणारा मजकूर नोंदवलेल्याशी जुळत नव्हता. दुसऱ्याच दिवशी ट्रायने चाळणी सात दिवसांसाठी थांबवली. त्याच महिन्याच्या अखेरीस नियम न पाळणाऱ्या ४० मोठ्या संस्थांची नावं जाहीर केली, त्यांत देशातल्या बड्या बँकाही होत्या, आणि सगळ्यांना ३१ मार्चची मुदत दिली.

इथे वहीने दगा दिला नव्हता. जे सांगितलं तेच तिने केलं. दगा दिला तो भागीदारांच्या अर्धवट तयारीने, आणि एका झटक्यात 'अडवा' हे सेटिंग चालू करण्याच्या घाईने. २०२४ मध्ये पाठवणाऱ्यापासून मोबाइल कंपनीपर्यंतची सगळी मधली साखळी नोंदवायची सक्ती आली, तेव्हा हा धडा कामाला आला. १ नोव्हेंबरपासून महिनाभर न जुळणाऱ्यांना रोज इशारे गेले. मुदत थोडी वाढली आणि ११ डिसेंबरपासून अडवणं सुरू झालं. आधी पाहा, मग कळवा, मग अडवा. कोणतंही सामाईक जाळं नियम कडक करताना हाच क्रम पाळेल तर लोकांचे हाल वाचतील.

टाळ वाजवत राहणारी दिंडी

माउलींची पालखी आळंदीहून निघाली की दिघीवरूनच पुण्याला जाते. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या जमतात. चोपदार दंड उंचावतो आणि टाळ-मृदंग थांबतात. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती टाळ वाजवतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, सोडवतो आणि मगच आरती होते. दुखणं असेल त्याने गप्प बसायचं नाही, आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकून घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सामाईक वहीला हीच शिस्त लागते. मागे पडलेल्या पीअरने ओरडलं पाहिजे. ब्लॉकची उंची दहाने मागे पडली, सर्टिफिकेटला महिना उरला, घड्याळ पाच सेकंदांनी हललं, अवैध नोंदी वाढल्या, यांतल्या प्रत्येकासाठी इशारा लावून ठेवायचा आणि तो चौघांनाही जायला हवा. गप्प राहिलेला बिघाड सगळ्यात महाग पडतो. दिघीचा पीअर तीन आठवडे मागे आहे हे बिल अडकल्यावर कळलं, तर वर्कशॉपवाल्याच्या पगाराच्या तारखेला फटका बसतो, चाकणच्या कंपनीला नाही.

सरकारी जाळं

सरकारी पातळीवरही असं जाळं उभं राहतं आहे. ४ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 'विश्वस्य' ही ब्लॉकचेनची, म्हणजे अशाच वहीची, सामाईक पायाभूत व्यवस्था खुली केली. तिचे संगणक एनआयसीच्या भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद इथल्या डेटा सेंटरांत विभागलेले आहेत. सरकारी खात्यांना दाखले आणि कागदपत्रं यांसाठी ती वापरता यावी हा हेतू. तिच्याबरोबर नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांना प्रयोग करून पाहायला 'एनबीएफलाइट' ही हलकी आवृत्तीही आली.

आमच्या भागातल्या विद्यार्थ्यांसाठी ही संधी मोठी आहे. दिघीच्या टेकडीवर १९९४ पासून आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, आसपास इंजिनिअरिंगची आणखी कॉलेजं आहेत, आणि खाली उतरलं की हजारो कारखाने. ब्लॉकचेन शिकताना पोरं चेनकोड लिहायला शिकतात, कारण ते प्रकल्पात दिसतं. चार यंत्रं जाणूनबुजून बिघडवून, एकाचं घड्याळ मागे करून, दुसऱ्याचं सर्टिफिकेट संपवून, तिसऱ्याचं पोर्ट बंद करून, फक्त लॉग वाचून दोष शोधायला लावणारं प्रात्यक्षिक प्रत्येक प्रयोगशाळेत व्हायला हवं. कारखान्याला हवा असतो तो असा माणूस.

वही कोणाची?

जाळं सुरू करण्याआधी भागीदारांनी पाच गोष्टी कागदावर उतरवून सह्या कराव्यात. प्रत्येकाचा बाहेरचा पत्ता आणि तो बदलण्याची रीत. प्रत्येक सर्टिफिकेटची शेवटची तारीख आणि ते नवं करणाऱ्या माणसाचं पद. वेळ कुठून घ्यायची ते. नियम बदलताना लागणाऱ्या मंजुऱ्या. आणि मजकुराचा साचा, उदाहरणांसकट. यातली एकही गोष्ट संगणक ठरवून देत नाही.

सहावी गोष्ट कागदावर कोणी सहसा लिहीत नाही, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. लहान भागीदाराचा पीअर बहुतेक वेळा मोठी कंपनीच 'सोयीसाठी' आपल्या सर्व्हरवर चालवते. किल्ली तिच्याकडे, लॉग तिच्याकडे, बिघाड झाला की कारण सांगणारीही तीच. मग दिघीतल्या वर्कशॉपवाल्याला आपल्या बिलाची नोंद का अवैध ठरली, हे तिच्या तोंडूनच ऐकावं लागतं. त्यापेक्षा जुनी पद्धत बरी होती, निदान चलानची दुसरी प्रत त्याच्या फायलीत असायची. म्हणून लहान भागीदाराने आपल्या सर्टिफिकेटची किल्ली स्वतःकडे ठेवावी, आपला लॉग स्वतः वाचावा, जमत नसेल तर दोन-चार वर्कशॉपनी मिळून त्यासाठी एक जाणता मुलगा नेमावा. चौघांपैकी कोणालाही न विचारता 'माझी प्रत कुठे अडली' हे ज्याला स्वतः पाहता येतं, वही त्याच्याही मालकीची असते. बाकी सगळे नुसते वाचक.